झांज अंड्यासारखी का दिसते?

कुडाळहून काकांचा फोन आला तेव्हा साइट सुरू होऊन काही तासच झाले होते. दशावतारी नाटकांची जुनी-नवी चित्रीकरणं त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलीत. ती घरबसल्या पाहता यावीत म्हणून आम्ही व्हिडिओ प्लेअर करत होतो. काकांना कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही, पण नजर पक्की. म्हणाले, "झांज गोल असता मां? मग हय ती अंड्यासारखी कित्याक दिसता?"

व्हिडिओ उघडून पाहिला. झांज खरोखरच उभट होती, पखवाजाची पुडीसुद्धा. नाटकातला संकासुर राक्षस काडीसारखा बारीक. मग गेल्या जत्रेत कुणीतरी मोबाइल उभा धरून काढलेला व्हिडिओ लावला, तर तिथे सगळं उलट: राजा आडवा पसरलेला, मुकुट चेपलेला. जुन्या फिती बारीक होतायत आणि नवे व्हिडिओ फुगतायत, म्हणजे एकच आकडा बदलून हे सुटणार नव्हतं.

प्लेअरचा कोड आमच्याकडे आधीच्या टीमकडून आला होता. डेटाबेसमधली रुंदी-उंची घ्यायची, तेवढी चौकट आखायची, आणि ऑब्जेक्ट-फिट (चित्र चौकटीत कसं बसवायचं ती सेटिंग) 'फिल' ठेवून चित्र त्या चौकटीत ताणून बसवायचं, असं त्याचं काम चाले. डेटाबेसमधले आकडे एफएफप्रोब या व्हिडिओ फायलीची माहिती काढणाऱ्या प्रोग्रॅमने दिलेले, अगदी बरोबर होते. फक्त ते साठवलेल्या ठिपक्यांचे (पिक्सेलचे) आकडे होते, दिसणाऱ्या चित्राचे नव्हते.

जुन्या फिती मिनी-डीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटच्या. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत त्या ७२० × ५७६ अशा साठवल्या जातात, पण त्यातला ठिपका चौरस नसतो. साध्या ४:३ चित्रात त्याच्या रुंदी-उंचीचं गुणोत्तर १६:१५, म्हणून चित्र दिसायला हवं ७६८ × ५७६. रुंद पडद्याच्या चित्रीकरणात ते ६४:४५ होतं आणि तेच ७२० ठिपके १०२४ इतके पसरतात. एफएफप्रोब हे गुणोत्तरही देतो, वेगळ्या ओळीत. ती ओळ कुणी साठवलीच नव्हती. मोबाइलचं कारण वेगळं. फोन उभा धरला तरी फायलीत बहुधा चित्र आडवंच जातं, १९२० × १०८०, आणि सोबत सूचना असते की दाखवताना ९० अंशांत फिरवा. ब्राउझर सूचना पाळून चित्र उभं करायचा आणि आमची चौकट त्याला आडवं ताणायची.

ब्राउझर या दोन्ही गोष्टी स्वतःच हिशेबात धरतो. त्यामुळे आकार विचारायचा तो व्हिडिओ एलिमेंटलाच (पानावर व्हिडिओ दाखवणाऱ्या घटकालाच), व्हिडिओविड्थ आणि व्हिडिओहाइट यांतून. पण कधी विचारायचा, यातच खरी गोम आहे. पान उघडताच विचारलं तर दोन्हीकडे शून्य मिळतं. एलिमेंटची पानावरची रुंदी घेतली तर ३०० × १५० हाती येऊ शकतं, आणि ते तर ब्राउझरचं ठरलेलं माप, व्हिडिओशी त्याचा संबंध नाही. फायलीची प्राथमिक माहिती (मेटाडेटा) आली की ब्राउझर 'लोडेडमेटाडेटा' ही घटना कळवतो, तेव्हा आकार कळतो. मात्र फाइल ब्राउझरच्या आधीच्या साठ्यातून (कॅशमधून) पटकन आली आणि आपण ऐकायला उशिरा बसलो, तर ती घटना होऊन गेलेली असते. म्हणून आधी रेडीस्टेट, म्हणजे व्हिडिओ कितपत तयार आहे तो आकडा, पाहायचं: १ किंवा जास्त असेल तर आकार लगेच घ्यायचा, नसेल तर वाट पाहायची. मेटाडेटा येऊनही शून्यच राहिलं तर त्या फायलीत बहुधा नुसता आवाज आहे. संग्रहात पदांची ध्वनिमुद्रणंही होती, त्यांना चौकटच नको.

एवढ्यावर थांबलो असतो तर थेट प्रक्षेपणात अडकलो असतो. नेटच्या वेगानुसार दर्जा बदलतो, तसा आकारही बदलतो. त्यासाठी एलिमेंटवरच 'रिसाइझ' घटना असते, खिडकीवरची नव्हे. ती ऐकायला लागलो आणि नवंच दिसलं: दर्जा बदलला की पान किंचित हलायचं. ६४० × ३६० नेमकं १६:९ आहे, पण ४८० उंचीच्या दर्जात रुंदी ८५३.३३ येते आणि एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा प्रोग्रॅम) ती ८५४ करतो. गुणोत्तरातला एवढासा फरकही चौकट हलवायला पुरतो. आता गुणोत्तर एका टक्क्याहून जास्त बदललं तरच आम्ही चौकट बदलतो. फोन मध्येच फिरवला तर फरक मोठा असतो, तो बरोबर पकडला जातो.

डेटाबेस मी काढून टाकला नाही. ठिपक्याचं गुणोत्तर आणि फिरवण्याची सूचना धरून त्यातले आकडे नव्याने काढले. व्हिडिओ उतरेपर्यंत पानावर योग्य आकाराची जागा राखायला ते हवेतच, नाहीतर खालचा मजकूर एकदम उडी मारतो. पण व्हिडिओने स्वतः आकार सांगितला की शब्द त्याचा.

काही फितींपुढे मात्र कोड हतबल होता. चित्रीकरण रुंद पडद्याचं, पण फीत कॉम्प्युटरवर उतरवताना फायलीत ४:३ ची खूण पडलेली. तिथे ब्राउझरही मनापासून चुकीचंच दाखवतो. हे फक्त रंगमंच पाहिलेल्या माणसालाच कळणार. म्हणून एक रकाना वाढवला: हाताने भरलेलं गुणोत्तर. तो भरलेला असेल तर बाकी सगळ्यांच्या वर त्याचा मान, आणि तेवढ्या फितींपुरतं 'फिल' आजही चालू आहे. तो रकाना काका भरतात.