तुम्ही विचारलंत म्हणून: कॅप्टन सोडून ओब्रायनच का?

दर दोन-तीन रविवारी कट्ट्यावर एखादं नवीन माणूस येतं आणि हेच विचारतं. आम्ही सहा-सात जण स्टार ट्रेकवाले, म्हणजे अंतराळ जहाजांवरच्या त्या जुन्या अमेरिकन सिरीयलींचे येडे, सकाळी मिसळ हाणायची आणि मग रंकाळ्याला बसून ऊन चढेस्तोवर वाद घालायचा, दुसरा काही उद्योग नाही. नवीन माणूस विचारतो तुमचा आवडता कॅप्टन कोण. बँकवाला किर्क म्हणतो, दोन इंजिनिअरिंगची पोरं पिकार्ड म्हणतात, प्राध्यापक सिस्को म्हणतात आणि वर सिस्कोवर पंधरा मिनिटं घेतात. माझी पाळी आली की मी म्हणतो ओब्रायन. मग हशा. काका, तो कॅप्टन कुठाय, तो तर ऑफिसरपण नाही. आणि मग ठरलेला प्रश्न, एवढं का भांडता ओ त्याच्यासाठी?

तर एकदाचं लिहून टाकतो. पुढं कोणी विचारलं की हेच वाचायला देणार.

आधी एक सांगतो, कोण कुठल्या खुर्चीवर बसतो हा वाद मला फालतू वाटत नाही. स्पॉक एकाच वेळी सायन्स ऑफिसर आणि फर्स्ट ऑफिसर कसा, दोन पगार घेत होता का, यावर आम्ही एक अख्खा रविवार घालवलाय. सुलू दुसऱ्या पायलट एपिसोडात, म्हणजे सिरीयल सुरू व्हायच्या आधीच्या चाचणीच्या भागात, फिजिसिस्ट होता आणि पुढं जहाज चालवायला लागला, जॉर्डी पहिल्या सीझनला जहाज चालवत होता आणि दुसऱ्या सीझनला एकदम चीफ इंजिनिअर झाला. कुठल्या परीक्षा दिल्या ओ यानं? आमच्याकडं फिटरचा सिनियर फिटर व्हायला मला नऊ वर्षं लागली. असो.

ओब्रायनचं तर लेखकांनाच माहीत नव्हतं. नेक्स्ट जनरेशन सिरीयलच्या 1987 च्या पहिल्या एपिसोडात ओब्रायनचं काम करणारा नट कोम मीनी आहे, पण पात्राला नावच नाही, पोरगा नुसता कन्सोलवर बसलाय. नाव मिळालं दुसऱ्या सीझनला. कॉलरवर तेव्हा लेफ्टनंटचे दोन ठिपके. आणि 1990 ला वॉर्फचा, म्हणजे जहाजावरच्या एका ऑफिसरचा, मानलेला बाप जहाजावर येतो, तो स्वतः जुना चीफ पेटी ऑफिसर, आणि तिथं कळतं की ओब्रायनपण तसलाच, म्हणजे अकॅडमी न केलेला, खालनं वर आलेला. मग ते दोन ठिपके कसले? बँकवाला म्हणतो कपडेपटाची चूक. मी म्हणतो चूक नाही, आमच्या कंपनीत पण ऑडिट आलं की मला दोन दिवस इंजिनिअर म्हणायचे.

पुढं डीप स्पेस नाइन या दुसऱ्या सिरीयलमध्ये, त्याच नावाच्या अंतराळ स्टेशनवर, तो चीफ ऑफ ऑपरेशन्स. स्टेशन कार्डेशियन नावाच्या परग्रहवाल्यांनी बांधलेलं, जाताना नासधूस करून गेलेले, सुटे भाग फेडरेशनचे, म्हणजे आपल्या बाजूचे, एकाचा थ्रेड दुसऱ्याला बसत नाही. सात सीझन हा माणूस ते चालू ठेवतो. बाकी सगळे देव, युद्ध, नियती असल्या गप्पा हाणत असतात आणि हा पॅनेलच्या आत कंबरेपर्यंत घुसलेला. मी मेंटेनन्सला होतो, फाउंड्रीत, सव्वीस वर्षं. मला दुसरं कोण आवडणार, सांगा की.

आणि नॉगचा तो सीन. कालपर्यंत चोऱ्या करत फिरणारं पोरगं, 1997 मध्ये त्याला सिस्को एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालचा ऑफिसर, करतो आणि ओब्रायनच्या लक्षात येतं की आता ह्याला सर म्हणावं लागणार. पोरं हसतात तिथं. मी पण हसतो, पण मला ते चेंजिंग रूममधलं माहितीय. ट्रेनी म्हणून आलेलं पोरगं, त्याला बेअरिंग कसं काढायचं मी दाखवलेलं, पुलर हातात कसा धरायचा हे पण, सहा महिने काका काका करत मागं फिरलं, आणि एका एक तारखेला त्याला केबिन मिळाली. मी सर म्हणालो. त्यानं नको नको म्हटलं, एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

हे उत्तर मी सगळ्यांना देतो. खरं आहे, पाठ झालंय, आणि ऐकणारा गप्प बसतो. पण ते सगळं उत्तर नाही. मागच्या महिन्यात ग्रुपमधल्या एका पोरीनं सहज विचारलं, "काका, तुम्ही ओब्रायनचा एवढा मान-अपमान धरून बसता, मग रोमचं काय?" मी काहीतरी चिडून बोललो. घरी येऊन जेवलो नाही.

रोम म्हणजे नॉगचा बाप, क्वार्कच्या बारमधला राबता भाऊ. बारमध्ये युनियन काढतो, मग नोकरी सोडून ओब्रायनच्या हाताखाली नाइट शिफ्टला दुरुस्तीवाला लागतो. शेवटच्या नंबरचा माणूस. वर्महोल म्हणजे स्टेशनजवळचा अंतराळातला बोगदा, त्याच्या तोंडाशी आपोआप नवीन तयार होणारे सुरुंग पेरायची आयडिया ह्याचीच, पण कट्ट्यावर सुरुंगांचा विषय निघाला की नाव ओब्रायन आणि स्टेशनवरची ऑफिसर डॅक्स हिचं. ते पण मीच घेतो.

2018 चा पावसाळा. कंपनीचं नाव घेणार नाही, विचारू पण नका. थर्ड शिफ्ट, रात्रीचे पावणेतीन, इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, पाऊण टन मेटल वितळून तयार, आणि लाइट गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फर्नेसच्या भोवती तांब्याची कॉइल असते आणि तिच्या आतनं पाणी फिरत असतं. लाइट गेली तर तापवणं बंद होतं, पण आतला चौदाशे डिग्रीचा रस काही लगेच गार होत नाही, त्याची धग कॉइलला बसतच राहते. म्हणून पाणी थांबून चालत नाही. डीजी, म्हणजे जनरेटर, त्या आठवड्यात उघडून पडलेला. त्यासाठीच डिझेल पंप ठेवलेला असतो, आणि तो पण नाही चालला तर वरची टाकी, व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपल्या वजनानं खाली येतं.

डिझेल पंपाची चावी मारली, नुसतं टक् झालं. परत मारली, टक्. बॅटरी उतरलेली.

आता ते सांगतो जे मी कुणाला सांगितलेलं नाही. तो पंप दर सोमवारी पाच मिनिटं चालवून बघायचा आणि लॉगबुकात सही करायची हे माझं काम. तीन सोमवार मी नुसती सही केलेली. का, तर काही खास कारण नाही. पाऊस होता, पंप शेडच्या मागं, चिखलातनं जावं लागायचं. एवढंच.

ठेकेदाराकडचा एक पोरगा होता नाइटला हेल्पर, गारगोटीकडचा, वीस-एकवीसचा. मी ओरडलो "टाकी!" आणि तो माझं पुढचं ऐकायच्या आत शिडीवर. व्हॉल्व्ह जाम, कारण तो पण कोण कधी फिरवत नव्हतं. वर अंधार, पाऊस पत्र्यावर वाजतोय, खाली मी टॉर्च धरून उभा आणि हा पोरगा पाइप पान्याला लोंबकळतोय, अक्षरशः पाय सोडून. पाना निसटला की त्याची बोटं पाइपवर आपटायची, तो आवाज पावसात पण येत होता. किती वेळ गेला, मला वाटलं अर्धा तास, नंतर हिशोब केला तर सात-आठ मिनिटं. मग पाणी आलं. तोवर खाली दोन होज फुटलेले, कॉइलनं मार खाल्लेला, वाफ सगळीकडं. फर्नेस तिरकी करायला हँडपंप होता, आम्ही दोघांनी आळीपाळीनं मारून मेटल खड्ड्यात ओतलं. त्याच्या हाताचं रक्त त्या दांड्याला लागलेलं, सकाळी मी कॉटन वेस्टनं पुसलं.

फर्नेस चार दिवस बंद. साहेब लोक आले, केबिनमध्ये आठ-दहा जण. विचारलं, पाणी चालू व्हायला इतका वेळ का? मी म्हणालो, "पोराला सांगितलेलं साहेब, त्याला व्हॉल्व्ह उघडायला वेळ लागला."

बघा, यात खोटं काय आहे? एक शब्द खोटा नाही. सांगितलेलं, वेळ लागला. पंपाचं कुणी विचारलं तर सांगायचं असं मी मनात ठरवलेलं. लॉगबुक उघडलं, सह्या होत्या, मिटलं. पोरगा दाराशी उभा होता, बोटांना फडकं बांधलेलं. त्याला कुणीतरी विचारलं, बरोबर आहे का? तो म्हणाला, "व्हय." माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय. सोमवारी तो गेटबंद. ठेकेदार म्हणाला ब्रेक दिलाय, येईल महिन्यानं. आला नाही.

मुलाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष चालू होतं, कर्ज काढलेलं, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं. हे पण खरं आहे. ऐकायचं असेल तर ऐका, नसेल तर सोडा.

डीप स्पेस नाइन मी सलग बघितली लॉकडाऊनमध्ये, मुलाच्या हार्डडिस्कवरनं. पाचव्या सीझनला एक एपिसोड आहे, 1996 चा. ओब्रायनच्या बायकोच्या अंगात एक दुष्ट शक्ती शिरते आणि म्हणते मी सांगते तसे स्टेशनमध्ये बदल कर, नाहीतर हिला मारते. तो करतो, मदतीला नाइट शिफ्टचा रोम घेतो. गडबड झाल्याचं लक्षात येतं तेव्हा ओब्रायन बोट रोमकडं दाखवतो. आणि रोमला वाटत असतं आपण काहीतरी गुप्त कामगिरीवर आहोत, त्यामुळं तो चौकशीत आपलं नाव आणि हुद्दा सोडून काही सांगत नाही.

मी तिथंच बंद केलं. पाणी प्यायला उठलो आणि किचनमध्ये लाइट न लावता उभा राहिलो. बायको म्हणाली काय झालं, म्हटलं करंट गेला वाटतं, ती म्हणाली फ्रीज तर चालू आहे.

पुढचा भाग दोन महिन्यांनी बघितला. शेवटी सगळं निस्तरतं आणि रोमला बढती मिळते, डे शिफ्ट. आणि त्यानंतर पण मी कट्ट्यावर छाती ठोकून सांगत होतो की अख्ख्या सिरीयलमध्ये सरळ माणूस एकच, ओब्रायन. तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच मोठ्यानं सांगत होतो बहुतेक. की खरंच तसं वाटत होतं? त्याच्या बायकोच्या जिवावर बेतलेलं, माझ्या बायकोचा गुडघा. एवढा फरक मलाही कळतो. पण फरक आहे म्हणून मी त्याला माफ करावं का स्वतःला अजून धरावं, हे काय अजून जमलेलं नाही. कधी म्हणतो सात-आठ मिनिटांत जाम व्हॉल्व्ह मलाच उघडता आला नसता. मग म्हणतो, तेच तर त्या केबिनमध्ये बोलायचं होतं.

दोन वर्षांमागं तो मला शाहू नाक्याजवळ दिसला. छोटा हत्ती चालवतो, मागं प्लॅस्टिकचे क्रेट भरलेले. मला ओळखलं त्यानं, काच खाली करून, "मिस्त्री, बरं हाय न्हवं?" मी म्हटलं बरं हाय, तुझं? "निवांत." मागनं एसटीनं हॉर्न मारला, तो गेला. स्टेअरिंगवरची बोटं बघायची राहिली. म्हणजे बघितली नाहीत.

त्या पोरीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती हे वाचेल, तर दिलं असं समजा. आणि एवढं वाचून तुम्ही म्हणाल मग आता तरी दुसरं कोणी आवडतं घ्या. नाही. ओब्रायनच. ते दोन ठिपके कपडेपटाची चूक नव्हती हे पण मी सोडणार नाही, बँकवाल्यानं रविवारी लवकर यावं, मिसळीचे पैसे त्याचे.