फूल नसताना वेल कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शिलोंड्याच्या वाटेने किंवा पलीकडे येऊरला फिरताना हा प्रश्न हमखास येतो: "फूल नाही, फळ नाही, पानं सगळी एकसारखी. मग ही अमुक वेल म्हणून खालूनच कसं सांगता?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मोबाइलवरच्या ॲपला फोटो दाखवलेला असतो, आणि ॲपने दर फोटोला वेगळं नाव सांगितलेलं असतं.

माझं उत्तर असं: पान शेवटी बघा. आधी ती वेल वर कशी चढली आहे ते बघा. पानावर फार भिस्त ठेवता येत नाही. एकाच वेलीचं सावलीतलं पान मोठं आणि पातळ असतं, उन्हातलं लहान आणि जाड. त्यात हृदयाच्या आकाराचं पान एकमेकींशी काही नातं नसलेल्या कितीतरी वेलींना असतं. फुलं तर झाडाच्या शेंड्यावर, आपल्या नजरेच्या पार. आधार धरण्याची रीत मात्र सहसा बदलत नाही, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर, खांद्याच्या उंचीवर असते. डार्विनने 1865 साली वेलींवर मोठा निबंध लिहिला तेव्हा वर्गवारी याच गोष्टीवर केली होती: काही स्वतःच आधाराभोवती वळसे घेतात, काही पानाने धरतात, काही ताण्यांनी (म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या दोऱ्यासारख्या तंतूंनी), काही आकड्यांनी, काही मुळांनी. जंगलात उभं राहून आजही हीच वर्गवारी सगळ्यात उपयोगी पडते.

त्यातही ताणे असलेली वेल दिसली की मला फार बरं वाटतं, कारण ताणा कुठून फुटलाय एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं. पावसाळ्यात बाजारात येणारी कंटोली तुम्ही घेतच असाल. तिच्या वेलीवर ताणा पानाच्या देठाशेजारी, बाजूला फुटतो. काकडी, पडवळ, तोंडली या सगळ्या भावंडांचं तसंच. रानद्राक्षाचा आणि कांडवेलीचा ताणा पेरावर, म्हणजे खोडाला जिथे पान फुटतं त्या गाठीवर, पानाच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो. पान इकडे, ताणा तिकडे. घोटवेलीला देठातूनच दोन ताणे निघतात, शिवाय खोडावर काटे. कपाळफोडीचे ताणे फुलांच्या दांडीवर, आणि कळलावीला वेगळा ताणाच नाही: तिच्या पानाचं टोक लांब होऊन गुंडाळी घेतं आणि शेजारचं गवत, काटकी, जे मिळेल ते पकडतं. जुलैमध्ये त्या लाल-पिवळ्या फुलाचा पत्ता नसतानाही टोक वळलेलं पान दिसलं की कळलावी ओळखू येते. (तिचा कंद अतिशय विषारी आहे, उकरायच्या भानगडीत पडू नका.)

एकदा तरी कंटोलीचा ताणा जवळून बघा, भिंग असेल तर उत्तमच. टोकाने काटकी धरली की मधला भाग स्प्रिंगसारखा वळत जातो आणि वेल आधाराकडे ओढली जाते. पण दोन्ही टोकं अडकलेली असताना एकाच दिशेने वळत राहिलं तर ताण्याला पीळ बसेल. म्हणून अर्धा ताणा एका दिशेने वळतो, मध्ये छोटासा सरळ तुकडा राहतो आणि पुढचा अर्धा उलट्या दिशेने वळतो. तो सरळ तुकडा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. वारा आला की वेल झुलते, ताणा लांबतो, परत आखडतो, पण तुटत नाही. मी हे दाखवायला प्रत्येक वेळी थांबते, मागच्यांना उशीर झाला तरी.

ताणे नसतील तर वेल वळसे कोणत्या बाजूने घेते ते पाहायचं. समोर उभं राहिलं की खोड डावीकडून उजवीकडे वर जातंय की उजवीकडून डावीकडे? बहुतेक वेलींची दिशा ठरलेली असते. कडू करांदा आणि कोनफळ एकाच गोत्रातले, पण एक या बाजूने वळतो तर दुसरं त्या बाजूने. काही म्हणजे काही केलं तरी दिशा बदलत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गुळवेलीचा. कोविडच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले आणि हृदयाच्या आकाराच्या पानाची कुठलीही वेल लोकांना गुळवेल वाटायला लागली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर बराच वाद झाला, आणि आयुष मंत्रालयाने याच कुळातली दुसरी, दिसायला सारखी वेल वापरात येऊ नये म्हणून सूचना काढली. म्हणजे ओळख चुकण्याचा प्रश्न नुसता हौशी माणसांपुरता नाही.

रानात गुळवेलीच्या जागी हमखास पुढे येतो तो कडू करांदा. त्याच्या पानाच्या ठळक शिरा देठापासून निघून कमानीसारख्या वळत टोकाकडे जातात आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या शिरा असतात. पावसाळा सरता सरता पानाच्या बेचक्यात बटाट्यासारखी खडबडीत फळं लटकतात. ती खरं तर फळं नव्हेत, हवेत धरलेले कंदच. रानातला करांदा कच्चा खाण्याजोगा नाही. आदिवासी त्याच्या चकत्या करून, उकळून, पाण्यात ठेवून कडूपणा काढतात तेव्हा कुठे तो पोटात जातो. गुळवेलीचं खोड बघा: त्यावर बारीक पुटकुळ्या असतात, कागदासारखी पातळ साल सुटते आणि आत हिरवं दिसतं. वरच्या फांद्यांवरून सुतळीसारखी मुळं थेट जमिनीकडे लोंबत येतात. उन्हाळ्यात सगळी पानं गळाली तरी या दोऱ्यांवरून ती ओळखता येते. म्हणूनच म्हणते, पान शेवटी.

त्रिदळी पानांची गंमत थोडक्यात सांगते. पळसवेल आणि खाजकुइली दोन्हींना तीन पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे तीन सुटे भाग. पळसवेलीचं खोड जुनं, लाकडासारखं, मनगटाएवढंही होतं. खाजकुइली नाजूक, पावसात वाढणारी, आणि तिच्या बाजूच्या दोन पर्णिका एकीकडे फुगलेल्या, वाकड्या. थंडीत तिच्या शेंगांवर सोनेरी लव येते. ती लागली तर चोळू नका, चोळल्याने कुसं आणखी आत जातात.

काटेवाल्या वेली अंगाला ओरबाडून स्वतःची ओळख देतातच. आषाढी एकादशीनंतर बारशीला ज्या वाघाट्याची भाजी करतात, त्याची वेल अशीच. पानाच्या बुडाशी आकड्यासारखे जोडकाटे, आणि फुलं आधी पांढरी, मग गुलाबी होत जाणारी.

चव घेऊन वेल ओळखायची नाही, एवढं मात्र निक्षून सांगते. लाल-काळी गुंज हातात घ्यायला गोड दिसते, पण तिच्या बीत जहाल विष असतं. पान चिंचेसारखं, बारीक पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एकटी पर्णिका नाही, हे पाहिलं की पुरे.

फोटो काढायचेच तर चार काढा: पेराचा, जिथे पान, देठ आणि ताणा एकत्र दिसतात, पानाच्या मागच्या बाजूचा, जमिनीलगतच्या खोडाचा, आणि ती ज्या झाडावर चढली आहे त्याचा. पायाशी पडलेलं फूल किंवा शेंग असेल तर तिचाही. एवढं असेल तर मला पाठवा, मी नक्की बघेन. एकट्या पानाच्या फोटोवरून मी नाव सांगणार नाही.

आणि त्याला जोडून नेहमी येणारा दुसरा प्रश्न: "एक फांदी घरी नेली तर?" राष्ट्रीय उद्यानातून पानही तोडायचं नाही, तो कायदा आहे. गुळवेल घरी हवीच असेल तर ओळखीच्या माणसाच्या कुंपणावरची वीतभर कांडी मागून आणा. पावसाच्या सुरुवातीला मातीत खोचा, शेजारी एखादी काठी रोवा. तिला बाकी फारसं काही लागत नाही.