शेंड्यावरची दोन फळं

लेक सहा वर्षांची झाली त्या नोव्हेंबरात तिने पहिल्यांदा झाडावरचं फळ स्वतःच्या हाताने उतरवलं. शिकवलं शेजारच्या आजोबांनी. इकडे जपानमध्ये परक्या आजोबांनाही ओजीसान म्हणतात; लेक लाडाने ओजीचान म्हणते.

आम्ही राहतो नागानो प्रांताच्या दक्षिणेला, ईना खोऱ्यात. दोन्ही बाजूंना जपानी आल्प्सचे डोंगर आणि मधून तेनर्यू नदी. ऑक्टोबर सरला की सकाळी नदीवरून धुकं चढतं आणि नऊ-साडेनऊपर्यंत समोरचं घरही दिसत नाही. हे धुकं इथल्या लोकांना फार प्रिय आहे, कारण त्याच्यामुळेच इथलं सुकवलेलं काकी मऊ राहतं, असं ते सांगतात. काकी म्हणजे पर्सिमन, टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ. (नाव ऐकून लेकीला पुण्याची काकूच आठवली होती, ‘काकीला का खायचं?’ म्हणून ती रडवेली झाली होती.) आमच्या भागातल्या जातीचं नाव इचिदागाकी. आपल्या कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसं याला २०१६ मध्ये मिळालं.

गंमत अशी की हे फळ झाडावरून काढून थेट खाता येत नाही. मी पहिल्या वर्षी खाल्लं होतं. कच्चं केळं चावल्यावर होतं त्याच्या दसपट तोंड आवळलं, जीभ टाळूला चिकटून बसली. ओजीसाननी निमूटपणे चहा आणून दिला आणि म्हणाले, ‘याला अजून वारा लागायचाय.’

तो वारा लावायचं काम त्यांच्या अंगणात महिनाभर चालतं. फळ काढताना देठाबरोबर फांदीचा छोटा तुकडा आडवा राहू द्यायचा, कारण दोरी तिथेच अडकवायची असते. मग साल काढायची, फळं क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवायची आणि माळा करून वळचणीखाली टांगायच्या. आठवडाभराने वरचा थर सुकला की एकेक फळ हलक्या हाताने चोळायचं, म्हणजे आतला गर सैल होतो. लेकीच्या वाट्याला हे चोळायचं काम आलं. तिचे हात लहान म्हणून ते तिलाच जमतं, असं ओजीसान म्हणायचे आणि ती फुलून जायची. शेवटी फळ तपकिरी होऊन आक्रसतं आणि अंगावर पांढरी पिठी धरतं. मला ती बुरशी वाटली होती. ती फळातली साखर. तोंड आवळणारं फळ नुसत्या थंड वाऱ्याने आणि उन्हाने खारकेसारखं गोड होतं. वरून चिमूटभर साखर लागत नाही.

पहिली माळ उतरवली तेव्हा लेकीने हात पुढे केला. ओजीसाननी फळ तिच्या तळहातावर ठेवलं, पण बोटं मिटू दिली नाहीत. आधी दोन्ही हातांनी फळ कपाळापर्यंत वर नेलं, मग म्हणाले, ‘इतादाकिमास.’ हा शब्द ती शाळेत रोज जेवणाआधी वर्गाबरोबर म्हणते, पण त्यात हात वर जात नाहीत. जपानीत ‘इतादाकु’ म्हणजे मुळात डोक्यावर घेणं, मस्तकी धरणं. माझी आई प्रसाद हातात घेतला की आधी कपाळाला लावते, मग तोंडात टाकते. हजारो मैलांवर तेच पाहून मला भरून आलं. लेकीने विचारलं, ‘ओजीचान, आपण हे कुणाला म्हणतो?’ त्यांनी झाडाकडे बोट केलं, मग डोंगराकडे, मग धुक्याकडे. शेवटी बायकोच्या फोटोकडे. झाड त्यांच्या लग्नाच्या वर्षी दोघांनी मिळून लावलं होतं.

इथे २००५ साली अन्नशिक्षणाचा, म्हणजे शोकुइकुचा, स्वतंत्र कायदा झाला. आपलं जेवण निसर्गाच्या देण्यावर उभं आहे हे मुलांना कळावं, असं त्यात लिहिलेलं आहे. मला त्याचा आदर आहे. पण कायद्याने सांगितलेलं आणि आजोबांच्या हाताने हात धरून शिकवलेलं, यातलं दुसरंच अंगी मुरतं, असं माझं ठाम मत झालंय.

आता मुख्य गोष्ट. फळं उतरवायला ओजीसानकडे लांब बांबू आहे, टोक चिरलेला. त्यात फांदी धरून पीळ दिला की फळ येतं. कोकणातल्या झेल्याचा जाळी नसलेला भाऊच. त्या दिवशी सगळं झाड उतरवून झालं आणि शेंड्यावर दोन-तीन फळं राहिली. ‘ती राहिली!’ लेक ओरडली. ओजीसान म्हणाले, ‘ती किमामोरी. झाड राखणारी.’ घरच्या झाडावर शेवटची एक-दोन फळं ठेवायची ही जुनी रीत आहे. ती हिवाळ्यात पाखरांची, आणि पुढच्या वर्षी झाडाने पुन्हा धरावं म्हणून झाडाचीही.

लेकीने लगेच तोडगा काढला. एक फळ पाखरांनी आधीच टोचलेलं होतं. ‘ते ठेवू या आणि चांगली काढू या.’ ओजीसान तिच्यासमोर खाली बसले, अगदी तिच्या डोळ्यांच्या पातळीला. ‘पाहुण्याला आपण डागी फळ देतो का?’ एवढंच विचारलं.

पूर्वी ते पाच-सहा फळं ठेवायचे. आता दोनच. डोंगरातली अस्वलं काकीच्या वासाने वस्तीत उतरतात, त्यामुळे झाडावर फळं ठेवू नका अशी सूचना येते. गावात रिकामी घरं वाढलीत आणि तिथली काकीची झाडं तशीच लगडून उभी असतात. मालकांना फोन करून ओजीसान तीही उतरवतात. ऐंशी पार केलेला माणूस, बरोबर माझी लेक टोपली धरून. दोन फळं का होईना, पण ती ठेवायचीच, हे मात्र त्यांनी सोडलेलं नाही.

फेब्रुवारीत बर्फ पडलं. शेंड्यावरच्या केशरी ठिपक्यावर हियोदोरी, म्हणजे बुलबुलाच्या कुळातलाच एक पक्षी, येऊन बसला. लेकीने रत्नागिरीला आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीला टेकवून दाखवलं. ‘आजी, तू आंब्यावर ठेवतेस का?’ आई म्हणाली, ‘अगो, रायवळाच्या शेंड्यावर हात कुणाचा पोचतोय? ते पाखरांचेच. कलमाचे मात्र आम्ही सगळे काढतो.’ मग जराशी थांबून म्हणाली, ‘या वर्षी एक ठेवीन हो.’

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा झाड उतरवलं. शेवटी वर चार फळं राहिली. ओजीसाननी बांबू लेकीच्या हातात दिला आणि कुठली ठेवायची ते विचारलं. ती मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिली. मग त्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात लाल फळ दाखवून म्हणाली, ‘हे. आणि त्याच्या शेजारचं.’

उरलेली दोन काढली आणि बांबू भिंतीला टेकवून ठेवला.