सेसिल कोर्टातला होम्स

लंडनमध्ये चॅरिंग क्रॉस रोड आणि सेंट मार्टिन्स लेन यांना जोडणारी सेसिल कोर्ट ही पादचाऱ्यांची गल्ली जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. ऐपत बेताचीच असली तरी अभिजात रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या निदान हाताळता याव्यात, म्हणून मी मुद्दाम तिथे गेलो.

एका दुकानदाराने काचेच्या कपाटातून आर्थर कॉनन डॉयलच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या शेरलॉक होम्सवरच्या कादंबरीची १९०२ सालची, जॉर्ज न्यून्सने प्रकाशित केलेली प्रत काढली. लाल कापडी बांधणी, तिच्यावर सोनेरी-काळी नक्षी, कणा मात्र उन्हाने विटलेला. त्याने थेट तेरावे पान उघडले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले: तिथे ‘युअर’ऐवजी ‘यू’ छापले गेले आहे. एरवी मुद्रितशोधकाला बोलणी खायला लावणारी ही चूक पहिल्या छपाईची खूण म्हणून संग्राहकांना प्रिय आहे. कागदी वेष्टन अर्थातच नव्हते. त्या काळी ते बहुतेक जण काढून टाकत, त्यामुळे वेष्टनासहित प्रत मिळणे फारच दुर्मीळ. किंमत ऐकून मी पुस्तक आदबीने परत केले.

आदल्याच दिवशी मी पोर्ट्समथमधल्या साउथसीला जाऊन आलो होतो. एल्म ग्रोव्हवरचे कॉनन डॉयलच्या दवाखान्याचे घर दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात गेले. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही होम्सची पहिली कादंबरी त्याने १८८६ मध्ये तिथेच लिहिली आणि वॉर्ड लॉक या प्रकाशकाने अवघ्या पंचवीस पौंडांत तिचे सर्व हक्क घेतले. १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल’मध्ये ती छापली गेली. एक शिलिंगाचा तो अंक वाचून रद्दीत जाण्यासाठीच काढलेला, म्हणूनच आज त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यातली एक १,५६,००० डॉलरना गेली.

माझ्यासारख्याने मग घ्यावे काय? ‘स्ट्रँड मॅगझिन’ या मासिकाचे सहामाही बांधीव खंड! जुलै ते डिसेंबर १८९१ च्या खंडात होम्सच्या पहिल्या सहा लघुकथा सिडनी पॅजेटच्या चित्रांसह आहेत, म्हणजे त्या कथांच्या १८९२ च्या पुस्तकाच्याही आधीची छपाई. बांधताना महिन्यामहिन्याची मुखपृष्ठे आणि जाहिराती सहसा काढून टाकत, म्हणून सुटे मूळ अंक महाग आणि हे खंड त्या मानाने स्वस्त. कोपरे झिजलेला एक खंड मी घासाघीस न करता घेतला. माझ्या मते वाचकाने आधी हाच घ्यावा, पुस्तकाची पहिली आवृत्ती नंतर.