बोअरच्या गाडीचा वायर रोप बदलताना

बोअरच्या गाडीवर सगळ्यांचं लक्ष कॉम्प्रेसरच्या दाबाकडे आणि हॅमरच्या आवाजाकडे. विंचचा, म्हणजे ओझं उचलणाऱ्या ड्रमचा, तारेचा रोप मात्र तुटेपर्यंत कुणाच्या गणतीत नसतो. तो तुटतो तेव्हा मास्टखाली, म्हणजे गाडीच्या उभ्या मनोऱ्याखाली, माणूस असतोच, कारण रॉड नाहीतर केसिंग (बोअरमध्ये उतरवायचा पाइप) उचललं की हाताने धरून जागेवर आणावं लागतं. म्हणून रोपाच्या बाबतीत मी कुणाची भीड धरत नाही.

काम दिंडोरीकडे चालू होतं. द्राक्षबागांच्या खरड छाटणीचे दिवस, प्रत्येक बागायतदाराला पाणी कालच हवं होतं. गाडी हलवायची म्हणून मास्ट आडवा होता, तेवढ्यात मी रोपावरून चिंधी फिरवून घेतली. उघडा हात कधी फिरवायचा नाही, तुटलेली तार तळहात फाडते. उचलताना जो भाग वरच्या पुलीवर येतो, तिथे चिंधी पुन्हा पुन्हा अडकायला लागली.

मोजायची रीत अशी. बारीक तारा वळून एक पेड होतो आणि असे पेड वळून रोप; एक पेड रोपाभोवती पूर्ण वळसा घेतो ती लांबी धरायची. आमच्या 13 मिलिमीटरच्या रोपात ती साधारण 80 मिलिमीटर भरते. तेवढ्यात मिळून 6 तारा तुटलेल्या असतील, किंवा एकाच पेडात 3, तर रोप उतरवायचा. आमच्या एका पेडातच 4 निघाल्या. मग जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. तो समोरासमोरच्या पेडांच्या उंचवट्यांवर धरायचा, दोन पेडांच्या सपाटीवर धरला तर माप कमी येतं. जाडी 7 टक्क्यांच्या आसपास घटली की रोप संपला असं मी धरतो. हा 13 वरून 12 मिलिमीटरच्याही खाली गेला होता.

पेड जरा उकलून पाहिले तर आतून लाल भुकटी पडली. वरून ग्रीसचा जाड थर आणि आतला गाभा कोरडा ठक्क. काळा पाषाण फोडताना उडणारं पीठ त्या ग्रीसमध्ये बसतं आणि पॉलिश पेपरसारखं तारा घासत राहतं. पावसाळ्यात शिरलेलं पाणीही त्या थराखाली अडकून राहतं. त्यामुळे वरून ग्रीस थापणं म्हणजे देखभाल नव्हे. आधी तारेच्या ब्रशने रोप साफ करायचा, मग आत झिरपेल असं पातळ रोप-तेल द्यायचं, तेही रोप पुलीवर वाकतो तिथे, कारण वाकताना पेड उघडतात.

गाडीचे मालक शेठ म्हणाले, “अजून दोन बोअर निघतील त्याच्यावर. पुढचा बोअर नानांचा, त्यांना शब्द दिलाय मी.”

मी व्हर्नियर त्यांच्या हातात दिला. “शेठ, माप तुम्हीच घ्या. मग सांगा, याच्याखाली पोरांना उभं करू का?”

त्यांनी माप घेतलं, पुन्हा एकदा घेतलं, आणि फोन काढून नानांना उद्याचं कळवलं.

दुकानात पहिला प्रश्न येतो, किती सूत, म्हणजे किती जाड? नुसत्या जाडीवर रोप घेऊ नये. आमची पुली लहान आहे, म्हणून 6 पेड आणि प्रत्येक पेडात बारीक तारा जास्त, असा 6 गुणिले 36 घेतला. तो वाकायला नरम असतो. गाभा पोलादी, कारण ड्रमवर थरावर थर बसतात आणि दोऱ्याचा गाभा त्याखाली चेपतो. सोबत टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. त्यावरचा तुटण्याचा भार पाचाने भागायचा आणि त्याच्या वर कधी जायचं नाही. लांबी मुद्दाम थोडी जास्त घेतली. तेलविहिरींच्या मोठ्या रिगवर टन-मैलाचा (किती भार किती अंतर ओढला याचा) हिशोब ठेवून रोप पुढे सरकवतात आणि वापरलेला भाग कापतात, म्हणजे तोच तो तुकडा पुलीवर झिजत नाही. आमच्या विंचला तो हिशोब नाही, पण अधूनमधून हुकाकडचं टोक कापून झिजेची जागा बदलता येते.

पण खरा दोषी पुलीत सापडला. खाचेत जुन्या रोपाच्या पेडांचे ठसे उमटले होते आणि झिजत गेलेल्या रोपाबरोबर खाच अरुंद झाली होती. अशा पुलीवर नवा रोप चढवला तर तो चिमटला जातो आणि काही आठवड्यांत जुन्याच्या वाटेने जातो. पत्र्याचा 14 मिलिमीटर गोलाईचा गेज केला, तो खाचेत बसेचना. बेअरिंगही खरखरत होतं. सातपूरच्या एमआयडीसीतल्या टर्नरकडून नवी पुली करून घेतली. यात वेळ गेला, शेठ कुरकुरले, पण जुनी पुली परत लावायला मी तयार नव्हतो.

रोप चढवायचं काम मास्ट आडवा ठेवूनच केलं. इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. रीळ पाइपवर फिरतं ठेवलं आणि कडेला फळी दाबून धरायला पोराला सांगितलं. जमिनीवर पडलेल्या वेटोळ्यातून रोप ओढला की पीळ बसतो, आणि एकदा गाठीचा पीळ पडला की तो रोप गेला. कापण्याआधी दोन्ही बाजूंना बारीक तार घट्ट गुंडाळली. हुक पूर्ण खाली असतानाही ड्रमवर 3 वेढे शिल्लक राहतील हे पाहिलं.

हुकाच्या टोकाला रोप वळवून फास केला, फासात आतून आधाराला थिंबल (लोखंडी खोबण) आणि फास आवळायला 3 यू-क्लॅम्प. इथे फार जण फसतात. क्लॅम्पची बैठक ओढ घेणाऱ्या बाजूवर यायला हवी आणि यू-बोल्ट शेपटावर, म्हणजे वळवून आणलेल्या मोकळ्या टोकावर. उलट बसवला तर यू-बोल्ट भार घेणाऱ्या तारांनाच चेंगरतो. एक आड एक उलटसुलट लावणंही तितकंच चूक. शेपूट फूटभर, दोन क्लॅम्पमध्ये जाडीच्या सहापट अंतर. एवढं करूनही त्या सांध्याची ताकद रोपाच्या 80 टक्क्यांच्या आसपासच असते.

लगेच केसिंग उचललं नाही. आधी रिकामा हुक, मग एकच रॉड, सावकाश वर-खाली. ताण आल्यावर नवा रोप थोडा बारीक होतो, म्हणून क्लॅम्पचे नट पुन्हा आवळले. संध्याकाळी आणखी एकदा.

जुना रोप नानांनी विहिरीतली मोटर ओढायला मागितला. “नाना, राग मानू नका, पण हा नाही देणार,” म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच ग्राइंडरने त्याचे हातभर तुकडे करून भंगारात टाकले.