लेझरने न गेलेले केस

पुरुषाने अंगावरचे केस काढून घेणे हा विषय आमच्या जालन्यात अजूनही चेष्टेचा आहे. ज्याच्या छातीवर केस नाहीत त्याचा भरवसा धरू नये, असे म्हणणारी मंडळी इथे आजही भेटतात. त्यामुळे खांद्यावरचे, कॉलरमधून मानेवर डोकावणारे आणि कानाच्या पाळीवर उगवणारे केस नकोसे वाटतात, हे कोणी बोलून दाखवत नाही. न्हावी मात्र बोलतो. "भाऊ, कानाला दोरा मारू का?" हा त्याचा प्रश्न सगळ्या दुकानाला ऐकू जातो. लेझरचे महागडे पॅकेज पूर्ण करून निराश झाल्यावर मी इलेक्ट्रोलिसिसकडे, म्हणजे विजेच्या सुईने एकेक केसाचे मूळ मारण्याच्या पद्धतीकडे, का वळलो, हे अशाच संकोचात अडकलेल्यांसाठी लिहीत आहे.

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्याने, म्हणजे मेलॅनिनने, शोषला जातो आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ भाजते. केस दाट काळा आणि कातडी गोरी असेल तेव्हा हे गणित उत्तम जमते. आपल्या सावळ्या कातडीतही मेलॅनिन भरपूर असल्याने प्रकाशाचा काही भाग तिथेच मुरतो, आणि कातडी पोळू नये म्हणून चालवणाऱ्याला यंत्राचा जोर कमी ठेवावा लागतो. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी याग लेझर सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात, परंतु बारीक केसांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. पिकलेल्या केसांवर तर कोणत्याच लेझरचा इलाज चालत नाही, कारण पकडायला रंगच उरलेला नसतो. त्यातच उपचाराच्या आधी आणि नंतर काही आठवडे उन्हापासून जपा, असे सांगितले जाते. मी बियाण्यांच्या व्यवसायात आहे. खरिपाच्या तोंडावर, मे महिन्याच्या रखरखीत उन्हात, गावोगावचे प्लॉट पाहत फिरणाऱ्या माणसाने ही अट पाळायची कशी, याचे उत्तर त्या क्लिनिकमध्ये कोणाकडे नव्हते.

पुरुषांच्या बाबतीत याहून मोठी अडचण संप्रेरकांची आहे. खांदे, पाठ आणि कान इथली बारीक लव पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने हळूहळू जाड, काळ्या केसांत बदलत जाते, आणि हे काम विशीत संपत नाही. चाळिशी ओलांडली तरी नवे केस येतच राहतात. म्हणजे लेझरने आजचे केस पातळ केले तरी उद्या येणाऱ्या केसांचा बंदोबस्त त्यात झालेला नसतो. काही जणांत तर उलटाच प्रकार होतो. लेझर मारलेल्या जागेच्या कडेला पूर्वी नसलेले जाड केस उगवतात. अर्धवट उष्णतेने मुळे मरण्याऐवजी चेतवली जात असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांत हे अधिक दिसते, आणि पुरुषांत खांदे व पाठीचा वरचा भाग या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. माझ्या डाव्या खांद्यावर नेमके हेच झाले. क्लिनिकच्या मते मला आणखी एका पॅकेजची गरज होती! अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन लेझरच्या बाबतीत केसांची कायमस्वरूपी 'घट' एवढाच शब्दप्रयोग मान्य करते आणि कायमस्वरूपी 'निर्मूलन' हा दर्जा इलेक्ट्रोलिसिसला देते; आपल्याकडच्या जाहिरातींत मात्र हा फरक सोयीस्करपणे गाळला जातो.

इलेक्ट्रोलिसिस ही नवी पद्धत नाही. अमेरिकेतील सेंट लुईस इथल्या चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने १८७५ मध्ये, डोळ्यात रुतणाऱ्या पापण्यांच्या केसांवर विजेची सुई वापरल्याचे प्रसिद्ध केले. तिथून ही पद्धत सुरू झाली. केसाच्या कडेने एक अतिशय बारीक सुई मुळापर्यंत सरकवायची आणि तिच्यातून विजेचा सौम्य प्रवाह सोडायचा, एवढाच तिचा गाभा. एकाच दिशेने वाहणारा (डीसी) प्रवाह सोडला तर मुळाशी असलेल्या मीठ-पाण्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ जाळतो. उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडला तर नुसत्या उष्णतेने तेच काम झटपट होते. दोन्ही एकत्र करणाऱ्या 'ब्लेंड' पद्धतीच्या यंत्राला १९४८ मध्ये पेटंट मिळाले. यात रंगाचा संबंधच येत नसल्याने केस पांढरा असो वा काळा, कातडी गोरी असो वा सावळी, सुईला फरक पडत नाही.

इथे खांद्यावर सुईचे काम करून देणारे मला कोणी सापडले नाही, म्हणून मी रात्रीच्या बसने पुण्याला जाऊ लागलो. काम करणाऱ्या बाई भिंगाच्या दिव्याखाली एकेक केस निवडतात. ब्लेंडच्या वेळी ओल्या कापडात गुंडाळलेला धातूचा दांडा मुठीत धरायला देतात, म्हणजे विजेचे वर्तुळ पूर्ण होते. सुई आत जाताना बहुधा जाणवत नाही. मग काही सेकंद मुळाशी चरचरते आणि चिमट्याने धरलेला केस अलगद निसटून बाहेर येतो. या निसटण्याकडे मी बारकाईने लक्ष देऊ लागलो, कारण नीट मेलेला केस ओढावा लागत नाही. तो हिसका बसून आला तर मूळ जिवंत असण्याची शक्यता असते. कानाची पाळी आणि मानेचा काठ या जागा फार झोंबतात. आधी बधिर करणारे मलम लावून घेता येते, पण ते डॉक्टरांना विचारून आणि थोड्याच जागेवर, कारण मोठ्या भागावर थापले तर त्याचे अपाय गंभीर असतात. नंतर टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या धरतात. त्या नखाने उकरल्या तर आपल्या कातडीवर काळे डाग हमखास राहतात.

सुई प्रत्येक वेळी नवी, बंद पाकिटातली आणि आपल्यासमोर उघडलेली असावी, यात मी तडजोड करत नाही. रक्तातून पसरणाऱ्या कावीळ बी आणि सी यांचा प्रश्न आहे. पेसमेकर बसवलेल्यांनी या वाटेला जाऊ नये आणि जखमेचे वण फुगून वर येण्याची ज्यांची प्रकृती आहे त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जाण्याआधी केस उपटायचे नाहीत, वॅक्सही करायचे नाही, कारण केसच नसेल तर सुईला वाट सापडत नाही. वस्तरा चालतो, मात्र चिमट्यात धरता येईल इतका केस वाढलेला हवा.

वेळ मात्र भरपूर लागतो. पैसे पॅकेजने नव्हे, तासावर मोजले जातात. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून तीच जागा पुन्हापुन्हा करावी लागते आणि एका भागालाही वर्ष-दीड वर्ष जाऊ शकते. पूर्ण पाठ सुईने करून घेणे मला व्यवहार्य वाटत नाही; तिथे हजारो केस असतात. मी कान, मानेचा काठ आणि खांद्याची वरची कड एवढेच ठरवले. कान झाले आहेत, मानेचा काठ जवळपास झाला आहे आणि लेझरनंतर दाट झालेल्या डाव्या खांद्याचे काम सध्या चालू आहे. पाठीला घरीच ट्रिमर लावतो, आणि छातीवरचे केस काढायचे माझ्या मनातही नव्हते.