डोक्यावर पुष्य, खाली राबाचा धूर

आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण घेतल्यापासून दोन हिवाळे मी नाशकात इंदिरानगरच्या गच्चीवरून सिंह राशीतली एम ६५ ही दीर्घिका शोधतोय. जागा तोंडपाठ आहे. पूर्वा फाल्गुनीच्या दोन ताऱ्यांतला दक्षिणेकडचा पकडायचा आणि तिथून थोडं खाली सरकायचं. दुर्बीण बरोबर तिथे जाते आणि आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, दिसतं काय, तर गढूळ चहासारखं आकाश. त्याच गच्चीवरून कृत्तिका आणि पुष्यातला एम ४४ हे तारकागुच्छ झकास दिसतात. कारण साधं आहे. वर्धन वाढवलं की शहराचा उजेड पातळ होतो, पण तारा ठिपकाच राहतो, म्हणून गुच्छ उठून दिसतो. दीर्घिका मुळातच पसरट, ती आकाशाबरोबरच पातळ होते. दहा इंची घ्यावी का, असा किडा डोक्यात वळवळत होता. मित्र म्हणाला, "आधी गाडीत डिझेल टाक."

महाशिवरात्रीची त्र्यंबकची गर्दी ओसरली आणि अमावस्येच्या आसपासचा शनिवार साधून निघालो. मित्राच्या आत्याचं घर हरसूलच्या बाजूला आहे, मागे मोठं परस. नळी मागच्या सीटवर आडवी, गोधडीत गुंडाळून, दोन्ही बेल्ट लावून. अंजनेरी गेलं, ब्रह्मगिरीमागे सूर्य गेला. त्र्यंबकनंतर रस्त्याने असे काही हिसके दिले की पोहोचल्यावर पहिला अर्धा तास आरसे जुळवण्यातच गेला. फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, तर शेजारच्याच नक्षत्राकडे बघत होता.

राब, म्हणजे पेरणीआधी शेतात पसरलेला पालापाचोळा, भाजायला सुरुवात झाली होती, त्यामुळे क्षितिजाजवळ धुराचा पट्टा होता. पूर्वेला नाशिकचा पिवळसर उजेड इथूनही दिसतो. मी थोडा खट्टू झालो. पण गोठ्यातला बल्ब आत्यांनी बंद केला आणि वीसेक मिनिटांत डोळे सरावले, तेव्हा व्याधाच्या डावीकडून वर चढणारी आकाशगंगा दिसायला लागली. गच्चीवरून ती मी कधीच पाहिलेली नाही.

दहाच्या सुमाराला पुष्य अगदी डोक्यावर आलं. नाशिकचं अक्षांश वीस अंश आणि एम ४४ सुद्धा जवळजवळ तितकाच उत्तरेला, म्हणून इथे तो थेट माथ्यावरून जातो. ऐकायला छान, पण डॉब्सोनियनवाल्याला शिक्षाच. नळी सरळ उभी असली की बाजूला फिरवायला पकडच मिळत नाही. बादली उपडी टाकून तिच्यावर बसलो, दोघांनी मिळून तळ ढकलला. उत्तरेला सप्तर्षींच्या पुढे एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका एकाच दृश्यात सापडल्या, एक अंडाकृती, एक सिगारसारखी. अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं.

साडेबाराला सिंह माथ्याजवळ आला. तीच जागा, तोच २५ मिलिमीटरचा आयपीस. आधी काहीच नाही. मग नजर मुद्दाम कडेला वळवली, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात, त्याच्या भोवती असतात. आणि दोन धूसर डाग उमटले. सरळ बघितलं की विरत, कडेने बघितलं की परत येत. एम ६५, एम ६६. नळीला हलकीशी टिचकी मारली, डाग हलले, तेव्हा खात्री पटली. तिसरी, एनजीसी ३६२८, लांबट रेघ. ती मला दिसली असं मी म्हणतो, मित्र नाही म्हणतो.

या त्रिकुटाचा प्रकाश सुमारे ३.५ कोटी वर्षांपूर्वी निघालेला. येताना ज्याच्या पायथ्यावरून आलो त्या ब्रह्मगिरीचा काळा पाषाण सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा दगड थंड होऊन जुना झाला होता. एरवी दीर्घिकांचे आकडे माझ्या डोक्यावरून जातात. हा मात्र हाताला लागला.

एवढ्यात मित्राचा फोन उजळला आणि दोघांचेही डोळे गेले. सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून फोनला लाल जिलेटिन लावायचं त्यानेच कबूल केलं होतं. पुन्हा वीस मिनिटं, आणि काळा चहा.

पावणेतीनला दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी. जेमतेम बावीस अंश उंच, त्यात मध्ये मोहाचं झाड. दुर्बीण उचलून बांधापर्यंत नेली, कंबर अजून आठवण करून देते. धुराच्या वर मात्र तो सुटून निघाला. सुमारे १ कोटी ताऱ्यांचा बंदिस्त गुच्छ, आणि आमच्या आठ इंचांत कडेचे तारे सुटे सुटे दिसत होते.

आत्या मोहफुलं वेचायला टॉर्च घेऊनच बाहेर आल्या, थेट आमच्या तोंडावर प्रकाश पाडत. राहिलेला अंधार संपलाच होता, म्हणून त्यांना बोलावलं. "आत्या, या, बघा." त्यांनी बराच वेळ डोळा लावला.

"वरई सांडलीय की रे," म्हणाल्या, आणि टोपली घेऊन झाडाकडे गेल्या.

आम्ही नळी गोधडीत गुंडाळायला घेतली. गोधडी दवाने ओली झाली होती.